चारा एकाच जागी : यवतच्या पाण्यावर फीडरने मासे धरण्याची रीत

पुण्याहून सोलापूरच्या हमरस्त्याने निघाल्यावर उरुळी कांचन मागे पडते न पडते तोच उजव्या हातास भुलेश्वराचा डोंगर दिसू लागतो आणि डाव्या हातास, उसाच्या फडांपलीकडे, मुळा-मुठेचे खोरे पसरत जाते. या दोहोंच्या मध्ये वसलेल्या यवतच्या आसमंतात गळ टाकून बसणाऱ्या गृहस्थाला पाण्याची जेवढी विविधता थोडक्या अंतरात लाभते, तेवढी ती दख्खनच्या या अवर्षणग्रस्त पट्ट्यात अन्यत्र क्वचितच लाभत असेल. खडकवासल्याच्या उजव्या कालव्याच्या आवर्तनावर भरणारे माटोबा आणि वरवंडचे तलाव, दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांची हद्द सांगत वाहणारी भीमा व तिच्यावरील कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे, शिरूरकडे घोड नदीवरचे चिंचणीचे धरण, खाली भिगवणच्या अंगाला 1980 साली पुऱ्या झालेल्या उजनीचा अफाट फुगवटा, आणि अलीकडच्या काळात जागोजाग दिसू लागलेली प्लॅस्टिकच्या अस्तराची शेततळी, या सर्व ठिकाणी रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस यांची वस्ती आहे. तरीही काठावर बसलेल्या हौशी मंडळींपैकी बहुतेकांच्या पिशव्या संध्याकाळी रिकाम्या असतात. आणि याचे कारण, माझ्या मते, दैव किंवा हवामान यांत शोधण्यापेक्षा त्यांच्या चारा टाकण्याच्या पद्धतीत शोधणे अधिक इष्ट होय.

आपल्याकडील प्रघात असा, की आल्याबरोबर कणकेचे आणि पेंडीचे ओंजळभर गोळे पाण्यात भिरकावून द्यावयाचे, मग गळ टाकावयाचा, आणि तासाभरात काही लागले नाही तर जागा बदलावयाची. यात चारा एकीकडे, गळ दुसरीकडे आणि मासा तिसरीकडे अशी स्थिती होते. फीडरची रीत याच्या नेमकी उलट आहे. तारेच्या किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या पिंजऱ्यात, ज्याच्या बुडाशी शिशाचे वजन बसविलेले असते, मूठभर ओलसर चारा दाबून भरावयाचा आणि तो गळासह दर खेपेस एकाच जागी टाकावयाचा, म्हणजे पिंजऱ्यातून सांडणाऱ्या चाऱ्याच्या ढिगाशेजारीच गळावरचे आमिष पडलेले राहते. चारा थोडा, वारंवार आणि एकाच जागी, एवढेच या विद्येचे सार आहे. पुढील सर्व तपशील त्याच्याच सिद्धीसाठी आहे. ही कल्पना परदेशातून आलेल्या सामानाबरोबर आपल्याकडे आली असे मानणाऱ्यांनी कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातील मत्स्यविनोदाचे प्रकरण अवश्य चाळावे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचा चारा, दोरी, काठी आणि आमिष यांचे विवेचन करण्यास त्या राजाला राज्यकारभारातून सवड सापडली होती.

सामानाची खरेदी करण्यापूर्वी मासा ओळखावा. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडील नद्यांचे रहिवासी असून दख्खनच्या पाण्यात ते बीजरूपाने आणून सोडलेले आहेत. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालीत नाहीत, म्हणून तलावात त्यांचे बीज पुनःपुन्हा सोडावे लागते. 1957 साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून हे बीज मुबलक होण्याचा मार्ग मोकळा झाला. आणि योगायोग असा, की आज आपल्या तलावांत सर्रास आढळणाऱ्या सायप्रिनसचा बँकॉकी वाणही त्याच वर्षी भारतात आला. चंदेरा आणि गवत्या हे दोन पाहुणे 1959 चे. यांपैकी चंदेरा पाण्यातील सूक्ष्म शेवाळ गाळून खातो आणि गवत्याला हिरवा पाला प्रिय, तेव्हा फीडरने त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. सायप्रिनस आणि मृगळ तळ उकरून खाणारे, म्हणून फीडरचे खरे गिऱ्हाईक तेच. सायप्रिनसच्या तोंडाशी चार मिशा असतात; त्यांनी तो चिखल चाचपतो, तोंडाने घास ओढून घेतो आणि न रुचल्यास त्याच वेगाने बाहेर फेकतो. रोहू सामान्यतः मधल्या थरात वावरतो, पण पेंडीच्या वासाने तळापर्यंत उतरतो. कटल्याचे तोंड वर वळलेले असून तो वरच्या थरातील सूक्ष्म जीव खातो. त्याच्यासाठी चारा जाणूनबुजून कोरडा, पिठासारखा ठेवावा लागतो, म्हणजे तो बुडताना ढगासारखा पसरतो, आणि गळावर तळापासून वीतभर वर तरंगून राहील असे हलके आमिष लावावे लागते.

आता सरंजाम. काठी साडेतीन मीटरच्या आसपास, मधल्या भागात कणखर आणि शेंड्याशी नाजूक अशी असावी. फीडरच्या काठ्यांना बदलता येणारे दोन-तीन शेंडे मिळतात, त्यांपैकी साचलेल्या पाण्यावर मऊ आणि नदीच्या ओढीत ताठ शेंडा लावावा, कारण या पद्धतीत तरंड नसते आणि मासा लागल्याची वर्दी देण्याचे काम हा शेंडाच करतो. रीळ मध्यम आकाराचे, पण त्याचा ब्रेक सुरळीत सुटणारा हवा. जाहिरातीतील बेअरिंगच्या संख्येला भुलू नये. मुख्य तंगूस 0.28 ते 0.30 मिलिमीटर जाडीचा पुरेसा होतो. गळाला बांधावयाचा जोडदोरा त्याहून थोडा बारीक असावा, म्हणजे खडकात अडकून तुटलाच तर तेवढाच तुटतो. फीडरचे वजन तलावावर 30 ते 40 ग्रॅम, वाऱ्याच्या दिवशी किंवा लांब फेकावयाचे असल्यास 60 ग्रॅम, आणि भीमेला पाणी वाहते असताना त्याहून अधिक; ज्या वजनाचा फीडर तळाशी जेमतेम स्थिर राहतो ते वजन योग्य समजावे. वाहत्या आणि खोल पाण्यासाठी जाळीचा गोल पिंजरा, तर शेततळ्यासारख्या उथळ व संथ पाण्यासाठी एका बाजूने सपाट असलेला मेथड फीडर, ज्यावर चारा साच्याने दाबून गळही त्या चाऱ्यातच दडवितात, ही निवड बहुतेक प्रसंगी पुरते. बाजारात स्वस्तात मिळणारी स्प्रिंग, जिच्याभोवती कणकेचा मोठा गोळा थापून चोहोबाजूंनी चार-सहा गळ खोचतात, ती मी सुचविणार नाही. मासा तोंडाऐवजी पोटात किंवा डोळ्यात अडकण्याचा धोका तिच्यात फार.

बांधणीत एक गोष्ट जीवापाड सांभाळावी. फीडर तंगुसावर पक्का बांधू नये, मोकळा सरकता ठेवावा. मुख्य तंगूस फीडरच्या कडीतून ओवून घ्यावा, त्यापुढे एक रबरी मणी, मग पितळी स्विव्हल आणि स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला जोडदोरा. एवढी ही जोडणी आहे. तंगूस वर कोठे तुटला तर फीडर त्यावरून घसरून गळून पडतो आणि माशाला जन्मभर शिशाचे ओझे ओढीत फिरावे लागत नाही. जोडदोरा पिंजऱ्याच्या फीडरला वीतभर ते हातभर आणि मेथड फीडरला चार बोटे पुरे. प्रत्येक गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तेथेच कमकुवत होतो. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून बोथट केलेला बरा. दोरा ताठ राहिला तर मासा सुटत नाही आणि सोडताना त्याचे तोंड फाटत नाही.

चाऱ्याच्या बाबतीत यवतकर भाग्यवान आहेत. विलायतेतील शौकीन ज्या मळीसाठी बाटलीमागे चांगले दाम मोजतात, तिच्याहून सरस काकवी येथे गुऱ्हाळावर मिळते. माझे प्रमाण असे: शेंगदाण्याची पेंड दोन भाग, गव्हाचा कोंडा दोन भाग, मक्याचा बारीक भरडा एक भाग आणि डाळ्याचे पीठ एक भाग. पेंड ताजी आणि कोरडी असावी. बुरशी धरलेली, खवट पेंड जनावराला अपायकारक आणि माशालाही. ती कुटून मंद आचेवर वास सुटेपर्यंत परतावी. मग कोमट पाण्यात वाटीभर काकवी विरघळवून ते पाणी कोरड्या मिश्रणावर थोडेथोडे शिंपडीत हाताने कालवावे. सर्व पाणी एकदम ओतणे हा या कामातला सर्वांत मोठा उतावळेपणा. पहिल्या कालवणीनंतर मिश्रण पाव तास झाकून ठेवावे, कारण कोंडा सावकाश पाणी पितो आणि वरून ओलसर दिसणारा चारा आत कोरडाच असतो. मग पुन्हा हलका शिडकावा द्यावा आणि सर्व चारा गव्हाच्या चाळणीतून दाबून काढावा. गुठळ्या मोडतात, हवा खेळते आणि चारा एकसारखा होतो. मुठीत दाबला असता त्याचा गोळा व्हावा आणि अंगठ्याने टोचला असता तो सहज फुटावा. शंका असल्यास पेल्यात पाणी घेऊन त्यात सुपारीएवढा गोळा टाकून पाहावा. तीन ते पाच मिनिटांत तो विसकटला तर तलावासाठी चारा साधला. नदीच्या ओढीसाठी त्यात मूठभर कणीक घालून चिकटपणा वाढवावा. बडीशेप किंवा मेथी भाजून, कुटून चिमूटभर घालण्यास हरकत नाही, परंतु अत्तराच्या कुप्या रिकाम्या करण्याची जी चाल पडली आहे तिच्यात माशापेक्षा दुकानदाराचे हित अधिक दिसते. दिवसभराला कोरडे मिश्रण दीड-दोन किलो पुरते.

आमिष म्हणून मका आणि हरभरा यांसारखे दुसरे काही नाही. वाळलेला मका एक दिवस भिजवून दाणा बोटाने चेपेपर्यंत शिजवावा. कच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो, म्हणून आळस करू नये. गांडूळ हे उत्तम आमिष खरे, पण चिलापीने भरलेल्या पाण्यात ते लावले की बोटभर चिलापीच गळाला लागत राहतात. उजनीच्या फुगवट्यावर तर टणक आमिषावाचून मोठ्या माशापर्यंत पोचताच येत नाही. सायप्रिनससाठी दाणा गळात न खुपसता, गळाच्या मागील बाजूने निघालेल्या बारीक दोऱ्याच्या शेपटीवर ओवावा आणि दाणा व गळ यांत ज्वारीच्या दाण्याएवढे अंतर सोडावे. मासा दाणा ओढून घेतो तेव्हा मोकळा गळही तोंडात जातो, आणि घास बाहेर फेकताना त्याचे टोक खालच्या ओठात रुतते.

जागेची निवड काठावरून पाण्याकडे पाहून होत नाही. उन्हाळ्यात आवर्तन लांबले आणि तलावाचे पोट उघडे पडले म्हणजे सवडीने एक फेरी मारावी, आणि बुडीत बांध, जुना ओढा, मुरमाची पट्टी, कालव्याचे पाणी येण्याची वाट या सर्वांची किनाऱ्यावरील एखाद्या बाभळीशी किंवा खांबाशी सांगड घालून वहीत नोंद करून ठेवावी. उजनीत पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, तसेच अनेक बांधही वर येतात. मोठा मासा अशा कडांच्या आश्रयाने फिरतो. पाणी भरलेले असेल तर रिकामा फीडर फेकून तळ चाचपावा: बुडण्यास किती वेळ लागला यावरून खोली समजते, आणि सावकाश ओढताना शेंडा टकटक हलला तर मुरूम, नुसताच जड झाला तर गाळ, अडकून सुटत राहिला तर पाणवनस्पती. मुरूम आणि गाळ यांची सीमा सापडली की शोध थांबवावा. नवे आवर्तन सुटून तलावात पाणी येऊ लागले असेल, तर हे सर्व बाजूस ठेवून पाण्याच्या तोंडाजवळची जागा धरावी.

एकदा अंतर ठरले की तंगूस रिळाच्या क्लिपमध्ये अडकवावा, म्हणजे प्रत्येक फेक तेथेच थांबते. दिशेसाठी पैलतीरावरची एक खूण डोळ्यांसमोर ठेवावी. वीस ते तीस पावलांपलीकडे फेकण्याची ईर्षा सहसा निष्फळ ठरते, कारण दूरच्या फेकीत नेम चुकतो आणि नेम चुकला की चारा विखुरतो. फीडर पाण्याला टेकण्याच्या क्षणी काठी किंचित मागे घ्यावी, म्हणजे धक्का सौम्य होतो आणि तंगूस तुटत नाही. प्रारंभी पाच-सहा फीडर भरभरून, एकापाठोपाठ, त्याच जागी रिकामे करावेत. त्यानंतर पहिला तासभर दर सात-आठ मिनिटांनी घड्याळ पाहून फीडर काढावा, भरावा आणि पुन्हा टाकावा, मग काही लागो वा न लागो. मासे जमल्याची चिन्हे दिसू लागली, म्हणजे बुडबुडे उठले किंवा शेंडा थरथरला, की अवधी दुप्पट करावा. नवशिक्यांचा धीर सुटतो तो या पहिल्या तासात, आणि तो सुटू न देणे हेच खरे कसब.

काठी दोन टेकूंवर, काठाशी जवळजवळ समांतर ठेवावी, म्हणजे तंगूस शेंड्यापासून काटकोनात निघतो आणि बारीक ओढही दिसते. नदीवर मात्र काठी उभी धरावी, फीडर थोडा प्रवाहाच्या दिशेने टाकावा आणि तंगुसाला किंचित झोळ द्यावा. तेथे मासा आमिष घेऊन फीडर हलवतो तेव्हा वाकलेला शेंडा एकाएकी सरळ होतो. शेंड्याचा प्रत्येक थरथराट म्हणजे मासा लागला असे नव्हे. चाऱ्यावर जमलेल्या माशांचे अंग तंगुसाला घासले तरी शेंडा दचकतो, आणि त्यावर झटका मारणाऱ्याने जमलेला बाजार स्वतःच्या हाताने उठविला असे होते. शेंडा वाकला, वाकत गेला आणि परत आला नाही, तरच काठी उचलावी. मेथड फीडरवर झटक्याची गरजच नसते.

पाच-सहा किलोचा कटला किंवा सायप्रिनस लागला तर पहिली धाव तो करणारच, ती त्याला करू द्यावी. ब्रेक इतकाच आवळलेला असावा की हाताने जोराने ओढल्यास तंगूस सुटेल. क्लिपमध्ये अडकलेला तंगूस मासा लागताच सोडविण्यास विसरू नये. पुष्कळ मोठे मासे तेथेच तुटून जातात. काठी बाजूला झुकवून त्याचे तोंड वळवावे, दम खाल्ला की दोरा गुंडाळावा, पुन्हा धावला की ढील द्यावी. काठाजवळ तो जाळी पाहून एकदा तरी उसळतो, म्हणून जाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरावी आणि मासा तिच्यावर आणावा. जाळी घेऊन माशामागे धावू नये. परत सोडावयाचा असल्यास हात, जाळी आणि खाली अंथरावयाचे पोते ही तिन्ही ओली करावीत, कारण अंगावरील बुळबुळीत थर हेच त्याचे रोगनिवारक कवच; आणि त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरून तो स्वतः शेपटी मारीपर्यंत थांबावे.

काळवेळेविषयी थोडक्यात: फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत पहाट आणि संध्याकाळ, मार्गशीर्ष-पौषात ऊन तापल्यानंतरची दुपार. ढगाळ, निर्वात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले, तर पाण्यातील प्राणवायू घटला आहे असे समजून चारा न टाकता घरी जावे. पावसाळ्यात नवीन पाण्याबरोबर नदीतील कार्प अंडी घालण्यासाठी वर चढतात; त्या दिवसांत पोटाने फुगलेली मादी गळाला लागल्यास ती सोडून देणे, कोणताही जाहीरनामा नसला तरी, आपले कर्तव्य मानावे.

शेततळ्यावर दोन सूचना अत्यंत महत्त्वाच्या आहेत. तेथे टेकूची लोखंडी सळई जमिनीत ठोकू नये. अस्तराला पडलेले एक छिद्र शेतकऱ्याचे हंगामभराचे पाणी रिकामे करते, आणि उघडा गळ अस्तरावर ठेवणेही तितकेच घातक. दुसरे असे, की ओल्या प्लॅस्टिकच्या उतारावरून घसरलेल्या माणसाला, पोहता येत असूनही, वर चढता येत नाही. म्हणून बांधावर पक्की बांधलेली, पाण्यापर्यंत पोचणारी गाठींची दोरी असल्याखेरीज आणि सोबतीला दुसरा माणूस असल्याखेरीज तेथे बसू नये. कालव्यावर तर मुळीच बसू नये. अस्तर केलेल्या काठावर पाय ठरत नाही आणि पाण्याची ओढ वरून दिसते त्याहून फार जबर असते.

तलावातील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेस ठेक्याने दिलेला असतो आणि बीज सोडण्याचा खर्च त्या संस्थेच्या शिरावर असतो. तेव्हा गळ टाकण्यापूर्वी तिच्या माणसाला गाठून परवानगी घ्यावी, जे शुल्क असेल ते भरून पावती घ्यावी, आणि भोई मंडळींची जाळी जेथे लागली असतील त्या बाजूस फेक करू नये. ही मंडळी पाण्याची खोली आणि माशांची ये-जा जितकी अचूक सांगतात तितकी कोणतेही यंत्र सांगत नाही, आणि आदराने विचारले तर ती माहिती हातची राखीत नाहीत. मुळा-मुठेच्या पात्रात मात्र पुण्याचे सांडपाणी आणि जलपर्णी यांचा अंमल आहे. तेथे सायप्रिनस आणि चिलापी तग धरून आहेत आणि फीडरवर लागतातही, परंतु त्या पाण्यातला मासा खेळून सोडून द्यावा, घरी रांधण्यास आणू नये, आणि घरी परतल्यावर हात व जाळी साबणाने स्वच्छ धुवावीत.